पहिली सात सोडून

३ जानेवारी, शनिवार

ही वही मापांची आहे. हर्षलाने दिली. दोनशे पानी, मधोमध शिवलेली. पुढच्या पानापासून रकाने आखलेत: नाव, वस्तू, घेर, आडवं माप. मी उलटी धरून मागच्या पानापासून माझं लिहितोय. तिला कळायचं नाही.

आज पहिला दिवस. फाट्यावरच्या शनिवारच्या बाजारात मकसूदचाचाच्या बांगड्यांच्या गाडीला लागून ताडपत्री टाकली आणि बोर्ड लावला, ‘या, गोल काहीही मोजा’. चौदा मार्चपर्यंत हजार माणसांनी हजार गोल वस्तू मोजायच्या. घेराला आडव्या मापाने भागायचं. तवा असो नाहीतर विहीर, उत्तर तेच येतं, तीन आणि वर थोडं. त्याला पाय म्हणतात. पायावरचे विनोद आज चाळीस वेळा ऐकले.

हर्षला भिवपुरीच्या पॉवरहाऊस क्वार्टर्समधली. बीएससीला माझ्या एक वर्ष पुढे होती. ती पास होऊन बाहेर पडली नि नोकरीला लागली, मी दुसऱ्या वर्षालाच बाहेर. सरांनी माझं जर्नल फेकलं, मी सरांवर स्टूल फेकलं. लागलं नाही. लागलं असतं तर कॉलेज सुटल्याचं एवढं वाटलं नसतं. आता कोंडाण्याहून पिकअप चालवतो, विटा, भाजी, काय मिळेल ते. शनिवारी हर्षलाचं सामान.

समोर भागूबाई बसते, कातकरवाडीची, टोपल्या विणते. बराच वेळ बघून म्हणाली, “दोरी लावून काय शोधताव?”

“घेर आडव्याच्या किती पट भरतो ते.”

“तीन पट नि वर येक मूठ. ही मोठी टोपली. ल्हान आसंल त दोन बोटं.”

हर्षला उठून तिच्याजवळ जाऊन बसली. “मूठ कमीजास्त का होते, मावशी?”

“टोपली वाढंल त वरचं नाय वाढनार?”

हर्षलाने वहीत पहिलं नाव तिचं घातलं. मूठही लिहिली. भागूबाईने अंगठा उठवला.

मग एकजण आला, चार मित्र मागे. म्हणाला, मॅडम, माझं पण माप घ्या की. मी एकच मारली. खाली बसला. मित्र त्याला घेऊन गेले. हर्षला नंतर दिवसभर गप्प होती. मनातून बरं वाटलं असणार. तिने दोरा दाताने तोडला त्याचा तुकडा पाकिटात ठेवलाय.

१७ जानेवारी, शनिवार

आज मी चुकलो आणि मारही दुसऱ्यालाच दिला.

बायका बांगड्या मोजायला मागत होत्या. गर्दी झाली. म्हटलं आडवं कशाला मोजायचं, चाचा मापावरच विकतो. दोन-सहाची बांगडी घेतली, आतून दोरा फिरवला, साडेसात इंचाला जरा कमी. भागिले दोन पॉइंट सहा. आलं दोन पॉइंट आठ सात. पुन्हा केलं, तेच. फळ्यावर लिहिलं. गर्दीतला एक चष्मेवाला हसला. म्हणाला, पोरा, पायाचा अंगठा तुटला का रे?

त्याचा चष्मा पहिल्याच फटक्यात गेला. दुसरा कानावर बसला. बायका बांगड्या टाकून मागे सरल्या.

मकसूदचाचाने मला मागून मिठी मारली. म्हातारा आहे पण हात घट्ट. “अरे बाबा, दोन-सहा म्हणजे दोन पॉइंट सहा नव्हे. इंचाचे सोळा भाग, त्यातले सहा. रुपयाला सोळा आणे होते ना, तसे. तू बांगड्यावाल्याचं माप शाळेत घेऊन गेलास.”

हर्षलाने आडवं मोजून भागलं. तीन पॉइंट एक चार. चष्मेवाला शिक्षक होता. हसला ते बरोबरच होता. माफी मागायला त्याच्या मागे गेलो तर तो पळाला.

चाचाने परतताना शिकवलं की बांगडी भरताना बाईला सांगायचं, हात सैल सोड, मेल्यासारखा. मूठ आवळली की बांगडी फुटते. “तुला कधी बांगडी भरता येणार नाही,” म्हणाला. मी म्हटलं, मला कुणाला भरायचीय? तो हसला. हर्षलाकडे बघून हसला असं मला वाटलं.

१९ जानेवारी

आईला कुणीतरी सांगितलंच. भाकरी थापता थापता म्हणाली, “मास्तराला मारलास म्हनं.”

“मास्तर हाय ते माहीत नव्हतं.”

“तुझ्या बापाला बी माहीत नसायचं. मारून झाल्यावर इचारायचा, काय झालं व्हतं गं म्हनून.”

बाप जाऊन पाच वर्षं झाली. मी आईवर हात उचललेला नाही. ताट एकदा फेकलं, ते भिंतीला लागलं. हे तिला सांगितलं. म्हणाली, “भिंतीला पोचा पडलाय, जाऊन बघ.”

३१ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

आज ई. हाही आकडाच, दोन पॉइंट सात एक आठ आणि पुढे संपत नाही. हर्षलाने चपलांचा खेळ लावला. आठ जणांनी एकेक चप्पल ढिगात टाकायची, डोळे बांधून एकेक उचलायची. एकालाही स्वतःची मिळाली नाही तर ती खूण करायची. लोकांना वेड लागलं. देवळाबाहेर आमचं रोज हेच होतं, म्हणाले. साठ डाव झाले. बावीस वेळा कुणालाच स्वतःची मिळाली नाही. साठ भागिले बावीस, दोन पॉइंट सात तीन. हर्षला नाचायचीच बाकी होती. घाणेरड्या चपलांतून एवढा देखणा आकडा निघतो, असं म्हणाली.

मग एक बाई म्हणाली, याचा उपयोग काय गं पोरी? हर्षला म्हणाली, “लग्नाला आहे ना उपयोग.” सगळ्या पुढे सरकल्या. मीही.

“बाबांच्या अंदाजाने मला वीसेक स्थळं येतील. आलं की तिथेच हो की नाही सांगायचं. नाकारलेलं परत बोलवायचं नाही. मग थांबायचं कुठे? वीसला ईने भागा. सात. पहिली सात कितीही चांगली असोत, सोडून द्यायची. आठव्यापासून मात्र...”

तेवढ्यात एक दारुडा ढिगातली चप्पल घेऊन पळाला. मी त्याच्या मागे. कांदेवाल्यापाशी गाठला, त्याच चपलेने मारला. तोंडावर पाच-सहा बसल्या. ओठ फाटला तेव्हा सोडला. चप्पल मालकाला परत दिली तर तो घेईना, रक्त होतं म्हणून.

परत आलो तोवर गोष्ट संपली होती. पण मला कळायचं ते कळलं. पहिली सात फुकट. आठव्याला हो. आजवर तिला तीन स्थळं आली. म्हणजे आत्ता विचारलं तर मी फुकट जाणार. इतके दिवस तोंड उघडलं नाही ते बरंच झालं.

गणिताने पहिल्यांदा माझ्या बाजूने काही सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

चौथं आणि पाचवं एकाच आठवड्यात. चौथा उल्हासनगरचा, आईबाप घेऊन आला. भिवपुरी स्टेशनवर रिक्षा नव्हती, मीच पिकअपमधून क्वार्टर्सला सोडला. त्याच्या आईला पुढे बसवलं, पाणी दिलं. पैसे घेतले नाहीत. हर्षला दारात होती. मला बघून तिचा चेहरा बदलला. तिला वाटलं असेल मी त्याला ठोकतो की काय. मी नमस्कार केला. पहिली सात माझे पाहुणे आहेत.

आईने विचारलं, हल्ली शांत कसा रं? म्हटलं, मोजतोय.

१६ फेब्रुवारी

सहावा नीलेश, रसायनीला केमिकल कंपनीत इंजिनियर. काल बघून गेला. नकार गेला. सहावा संपला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नकार मिळालेला नीलेश आज बाजारात हजर. म्हणे तुमचा उपक्रम आवडला. फळा आणला, रंगीत खडू आणले. हर्षलाने त्याला माझी ओळख करून दिली, “हा रोहिदास. मापं हाच लिहितो. अक्षर बघा किती छान आहे.” मी हात मिळवला. त्याचा हात मऊ. नाकारलेलं परत बोलवायचं नाही, नियम आहे. म्हणून मला काही वाटलं नाही.

तो लोकांना पाय म्हणजे बावीस सप्तमांश असं सांगत होता. हर्षला म्हणाली, तो आकडा तोतया आहे. दशांशाची दोन घरं बरोबर बोलतो, तिसऱ्या घरात पकडला जातो. आणि सहा आकडे बोलला की पुन्हा तेच सहा, पुन्हा तेच सहा, जन्मभर. खरा पाय असा फेऱ्यात अडकत नाही.

रोजे सुरू झालेत. चाचा दिवसभर थुंकीही गिळत नाही असं मी म्हटलं तर म्हणाला, “थुंकी चालते. राग चालत नाही. तुझ्याने एक दिवस होणार नाही.” मी म्हटलं लावा पैज. दुपारी एका रिक्षावाल्याची कॉलर धरली आणि हरलो.

सहाशे बारा मापं झाली.

८ मार्च, रविवार

सातवा आला आणि गेला. बदलापूरचा. हर्षलाच्या वडिलांनीच पॉवरहाऊसच्या गेटवर सांगितलं, जमलं नाही रे. मी साखर खाल्ली. आईलाही दिली. तिने विचारलं कशाची. म्हटलं चौदा तारखेला सांगतो. चौदाला हजार पुरे होणार, सगळा बाजार जमणार, तेव्हाच विचारायचं.

११ मार्च, बुधवार

सकाळी गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, आज एक येतोय. पेणचा, हायस्कूलला मास्तर, मोटारसायकलवर.

आठवा.

स्टेशन सोडून क्वार्टर्सकडे वळताना रस्ता अरुंद होतो तिथे पिकअप आडवी लावली. साडेदहाला आला. हँडलला पेढ्यांचा बॉक्स बांधलेला.

“पॉवरहाऊसला का?” मी विचारलं.

“हो. हाच रस्ता ना, दादा?”

हेल्मेट होतं म्हणून आधी पोटात मारली. वाकला. हेल्मेट ओढून काढलं आणि तोंडावर दिली. तो म्हणत होता, पैसे घ्या, गाडी घ्या. त्याने मला चोर समजावं याचा जास्त राग आला. पडल्यावर लाथा घातल्या, किती ते मोजल्या नाहीत. म्हटलं, आठवी जागा माझी आहे, परत फिर. त्याला काय कळणार. तोंडातलं रक्त शर्टावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. पेढे रस्ताभर. उठून गाडी ढकलत उलटा गेला, चालू करायची शुद्ध नव्हती.

एक दात रस्त्यावर राहिला. मी उचलला. का उचलला सांगता येत नाही. पाकिटात दोऱ्याशेजारी आहे.

हात सुजलाय. पण आकडा सातावरच आहे.

१४ मार्च, शनिवार

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

सकाळपासून मांडव. तिसरा महिना, चौदा तारीख, तीन पॉइंट एक चार, म्हणून हा दिवस. नवा शर्ट घातला होता. दुपारपर्यंत नऊशे एकाहत्तर मापं झाली. एकोणतीस राहिली. लोक परातीपासून चाळणीपर्यंत घेऊन रांगेत. भागूबाईने नातीचं टोपडं आणलं होतं मोजायला. हर्षला माझ्याशी सकाळपासून बोलली नव्हती. वाटलं गडबडीत असेल.

नीलेशने एक लाकडी चिमटा आणला होता, तीन पायांचा. उघडला की त्याच्या दोन भागांत कायम एकास एक पॉइंट सहा एक आठ. सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. पानावर लावला, शंखावर लावला. मग म्हणाला, देखण्या चेहऱ्यातही हेच असतं. हर्षला म्हणाली, “हे सगळं ओढूनताणून आहे. चिमटा कुठे ठेवायचा ते तुम्हीच ठरवता.”

“मग ठेवू द्या,” तो म्हणाला. एक टोक तिच्या हनुवटीला, एक कपाळाला. मधलं नाकावर. ती हसली. “नाक मध्ये येतंय माझं.” लोकही हसले. त्याचं बोट तिच्या गालाला लागलेलं होतं.

मला पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. चिमटा माझ्या हातात होता आणि मोडला. नीलेशच्या तोंडावर एक बसली, फळा पडला, तो फळ्यावर पडला. मी त्याच्या छातीवर होतो. हर्षला माझं नाव घेऊन काहीतरी म्हणत होती, ते मला प्रेमासारखं ऐकू आलं. मागून कुणीतरी मिठी मारली. तीच ती, घट्ट. मी कोपर मागे मारलं, पूर्ण ताकदीने.

चाचा बांगड्यांच्या गाडीवर गेला. गाडी त्याच्यासकट उलटली. गाडीवरचा ईदचा सगळा माल, काच. आवाज बराच वेळ येत राहिला. तो उठायला गेला तेव्हा उजवा तळवा काचांवर टेकला.

तळव्यातून रक्त मनगटापर्यंत आलं. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता त्याच्या पोटात. भागूबाईने टोपड्याने हात बांधला. माझ्याकडे बघून म्हणाली, “आता काय मोजताव? जा की.”

विचारायचं राहिलं.

१५ मार्च

नीलेशने पोलिसांत एनसी लिहिली. मला कर्जतच्या ठाण्यात बसवून ठेवलं, सही घेतली, सोडलं. चाचाला विचारलं तर त्याने सांगितलं, रोज्यात चक्कर आली, पडलो. हवालदार मला म्हणाला, नशीबवान आहेस. चाचाच्या तळव्याला अकरा टाके आहेत.

भिंतीच्या पोच्यावर आईने कॅलेंडर लावलं होतं, ते आज काढून ठेवलंय.

१७ मार्च

गेलो होतो. क्वार्टर्सवर. दाढी केली, शर्ट धुतला. मार देणं चूक झालं असेल, पण नियम नियम आहे. सात झाले, माझा नंबर जाऊ द्यायचा नव्हता.

हर्षला फाटकापाशी आली. फाटक उघडलं नाही. मागे ओट्यावर तिची आई.

मी म्हटलं, “सात झाली. मी आठवा.”

तिला आधी कळेना. मग कळलं. तिने फाटकाचा गज धरला. “चपलांच्या दिवशीचं म्हणतोस? म्हणून त्या उल्हासनगरच्या लोकांना पाणी देत होतास?”

“पहिली सात सोडायची. तूच सांगितलंस.”

“पुढे काय सांगितलं?”

“आठव्याला हो म्हणायचं.”

“तू होतास कुठे तेव्हा?”

कांदेवाल्यापाशी होतो.

“आठव्यापासून पुढे, आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असेल त्याला हो. नसेल तर पुढचा. तोही नसेल तर त्याच्या पुढचा. हा अर्धा भाग मी सगळ्या बायकांना सांगितला, रोहिदास. तू तेवढ्या वेळात एकाचा ओठ फाडत होतास.”

“मग आहेच ना मी. त्या सातांपेक्षा...”

“आणि तू आठवा नाहीस. आठवा पेणचा होता. दवाखान्यातून बाबांना फोन केला त्याने, आडव्या लावलेल्या पिकअपचं सांगितलं. त्याला वाटेत झोपवलास म्हणून आकडा बदलत नाही. तू नववा.” ती ओरडत नव्हती. वर्गात सांगतात तसं सांगत होती. “त्या सातांत एकजण आईला विचारून चहा पीत होता. एकाने माझा पगार तीनदा विचारला. सगळे नाकारले. पण त्यांतल्या एकाला बघूनही माझी आई आत जाऊन उभी राहिली नव्हती.”

मी ओट्याकडे बघितलं. आई तिथे नव्हती. दार लागत होतं. आतून कडी घातल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

“मग तू बाहेर का आलीस?” मी विचारलं.

“कुणीतरी सांगायला हवं होतं. आता जा. आणि वही चाचाकडे दे, मापं त्यात आहेत.”

पाकिटात दोरा होता. दात होता. खिशावरून हात फिरवला आणि तोच हात फाटकाच्या दगडी खांबाला मारला. एकदा नाही. ती गजापासून मागे सरली, एकेक पाऊल, पाठ न वळवता. बिबट्यापासून लोक असे सरतात.

२० मार्च

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन हाडं मोडली, प्लॅस्टर आहे. अक्षर छान राहिलं नाही.

चाचाच्या दुकानी गेलो. उद्या ईद. बायकांची रांग रस्त्यापर्यंत, उरलेला माल काढलाय. चाळीस वर्षं तो स्वतः बांगड्या भरतो, यंदा सून रुबिना भरत होती. चाचा हात बांधून कोपऱ्यात बसून बायकांना नुसतं सांगत होता, सैल सोड, बेटी, सैल. रुबिनाने मला बघितलं आणि तिच्या हातातली बांगडी फुटली. चाचा म्हणाला, बस. मी पायरीवर बसलो. पहिल्यांदाच मी काही केलेलं नसताना सगळे गप्प झाले.

दाताची पुडी त्याच्याकडे दिली. पेणला पोचवायची, म्हटलं. त्याने उघडून बघितली, परत मिटली, खिशात घातली. दोरा माझ्याकडेच आहे.

“वही आणलीस का? पोरीने एकोणतीस मापं पुरी करायची ठरवलंय. भागूबाई बसू देते म्हणाली, तिच्या जागेत.”

म्हटलं, थोडी पानं फाडून देतो. मागची माझी आहेत.

एका हाताने फाडायला बसलो. मागचं पहिलं पान ओढलं, जानेवारीचं. शिवलेली वही. इकडचं ओढलं की त्याचं जोडपान पुढून सुटतं. भागूबाईचं पान सैल झालं. मोठी टोपली, घेर, आडवं माप, वर एक मूठ, अंगठा. माझं फाडलं तर तिचं जातं. तसंच दाबून बसवलं.

चाचाने विचारलं, झालं? म्हटलं, एवढं लिहून देतो.

नऊशे एकाहत्तर माणसं यात आहेत. मी त्यांत नाही, मागे आहे.

हर्षला, वही पुढून उघड. मागून उघडायचीच असेल तर आधी दाराला कडी घाल.